शेतातल्या घराची घरपट्टी दुप्पट कशी झाली आणि आता काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गट नंबरमध्ये, गावठाणाबाहेर, दहा गुंठ्यांच्या तुकड्यात विटा-सिमेंटचं पत्र्याचं घर आहे. घर पंधरा वर्षांचं. पुढच्या एका खोलीत किराणा दुकान. ग्रामपंचायतीची चार वर्षांनी होणारी फेरआकारणी सुरू झाली आणि शिपाई एका खासगी सर्व्हेवाल्या पोराला घेऊन मोजायला आला. घरात आई एकटीच होती, तिने आत येऊ दिलं नाही. ते बाहेरूनच काहीतरी लिहून गेले. आता मागणी बिल जवळपास दुप्पट आलंय. आईने अडवलं म्हणून दंड लावला का, शेतातल्या घराला घरपट्टी लागतेच का, आणि हे कमी कसं करायचं?

आईने अडवल्याचा दंड हा नाही. अशी बिलं फुगतात ती मोजणीच्या कागदावरच्या चार रकान्यांमुळे: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर. बाकीचा हिशोब यंत्रासारखा होतो. हे चार रकाने बरोबर करून घेतले की बिल आपोआप जागेवर येतं. नुसता ‘घरपट्टी जास्त आहे, कमी करावी’ असा अर्ज दिला तर तो फायलीत पडून राहतो, कारण त्यावर निर्णय घ्यायला कुणाच्याच हातात काही नसतं.

आधी कायद्याचं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५९ (जुनी मंडळी याला १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात) याच्या कलम १२४ खाली ग्रामपंचायत इमारतींवर कर लावते, मग ती इमारत शेतसाऱ्याच्या जमिनीवर असो वा नसो. पण जमिनीवर कर लावायचा तर ती शेतसारा न भरणारी असावी लागते. म्हणजे शेतात घर आहे म्हणून घरपट्टीतून सुटका नाही. गोठासुद्धा बांधकाम म्हणून नोंदला जातो. मात्र घराभोवतीची शेतीची जमीन ‘मोकळी जागा’ म्हणून आकारणीत धरली असेल, तर तिथे हरकत घ्यायलाच हवी. हे नेहमी घडतं. दहा गुंठे म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर. सर्व्हेवाला कुंपण बघतो, आतली सगळी जागा घराचीच समजतो, घराचं क्षेत्र वजा करतो आणि उरलेले साडेनऊशे चौरस मीटर ‘खुला भूखंड’ म्हणून टाकतो. मोकळ्या जागेचा कराचा दर घराच्या दरापेक्षा वेगळा असतो, आणि एवढं क्षेत्र त्यात गेलं की रक्कम घराच्या करालाही मागे टाकू शकते. तुमच्या सातबाऱ्यावर आकारणीचा रकाना आहे. तिथे शेतसारा दिसत असेल आणि जमीन बिनशेती झालेली नसेल, तर ती ओळ काढून टाका म्हणून सातबारा जोडून मागणी करा. जमीन बिनशेती करून घेतली असेल, तर मात्र बिनशेती भागावरच्या मोकळ्या जागेची आकारणी नाकारता येणार नाही. फक्त क्षेत्र बिनशेती आदेशाएवढंच धरलंय का, ते बघा.

आता दारातली गोष्ट. कराच्या मोजणीसाठी घरात शिरायची गरज फार क्वचित पडते, कारण आकारणी बांधीव क्षेत्रावर होते आणि ते बाहेरच्या भिंतींवरून मोजतात. आत जाण्याचं कारण उरतं ते दुकानाची खोली वेगळी मोजायला, माडी किंवा पोटमाळा बघायला, नाहीतर छत स्लॅबचं आहे की पत्र्याचं ते ठरवायला. घरात बाईमाणूस एकटं असेल तर ‘अंगणात या, बाहेरून मोजा, आतलं बघायचं तर अमुक दिवशी या’ असं सांगणं अगदी रास्त आहे. शहरांच्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिलंय. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मध्ये वहिवाटीतल्या इमारतीत संमती नसेल तर किमान २४ तास आधी लेखी सूचना देऊनच जायचं, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जायचं नाही, आणि घरातल्या स्त्रियांना बाजूला होता येईल एवढा अवधी द्यायचा, असं बंधन अधिकाऱ्यांवर आहे. गावात हीच रीत पाळायला सांगितली तर कुणी वाईट वाटून घेण्याचं कारण नाही.

तरीही मोजणी कायमची टाळू नका. माणूस परत गेला की रकाना रिकामा राहत नाही. अंदाजाने भरला जातो, आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला असतो. खासगी एजन्सीचा माणूस एकटाच आला तर त्याच्याकडे ओळखपत्र आणि ग्रामपंचायतीचं पत्र मागा. पत्र नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (२०२४ पर्यंतचं ग्रामसेवक हे पद) फोन लावून खात्री करा. आकारणीची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. एजन्सी फक्त मापं गोळा करते, तिच्याशी वाद घालून हाती काही लागत नाही. एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या मोजणी पत्रकावर सही करू नका. ‘सही करा, आम्ही नंतर भरतो’ हे सगळीकडे चालतं, आणि पुढे हरकतीच्या वेळी तीच सही तुमच्यासमोर ठेवली जाते. पत्रक भरलेलं असेल तर मापं पडताळा, चुकीच्या आकड्यासमोर ‘मान्य नाही’ लिहा, मग सही करा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता तुमच्या बिलात नेमकं काय बिघडलं असेल ते पाहू. ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ग्रामपंचायत कर व फी नियम, १९६० बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. सूत्र असं:

भांडवली मूल्य = [(क्षेत्रफळ × जमिनीचा दर) + (क्षेत्रफळ × बांधकामाचा दर × घसारा)] × वापराचा भारांक

जमिनीचा आणि बांधकामाचा दर रेडीरेकनरमधून, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या दरांच्या तक्त्यातून येतो, प्रति चौरस मीटर. घसारा म्हणजे घर जुनं झाल्यामुळे किमतीत धरलेली घट. तो वयावर ठरतो, आणि सूत्रात घट वजा जाऊन उरलेली टक्केवारी धरायची. भारांक निवासी वापराला १, औद्योगिक वापराला १.२० आणि वाणिज्यिक वापराला १.२५. आलेल्या भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांवर इतके पैसे, अशा दराने कर निघतो. तो दर बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे, नियमांतल्या किमान-कमाल मर्यादेत, ग्रामपंचायत ठरावाने ठरवते.

तुमचं घर बाहेरून १० मीटर × ६ मीटर आहे, त्यातली दुकानाची खोली १२ चौरस मीटर, असं धरू. हिशोबापुरता जमिनीचा दर ५०० रुपये, बांधकामाचा १२,००० रुपये आणि कराचा दर हजारी ७५ पैसे घेऊ. तुमच्या गावचे खरे दर ग्रामपंचायतीकडून मागून घ्या. पंधरा वर्षांच्या पक्क्या घराला २० टक्के घसारा मिळतो, म्हणजे बांधकामाची किंमत ८० टक्के धरायची. एका चौरस मीटरचं मूल्य ५०० अधिक ९,६००, म्हणजे १०,१०० रुपये. घराचे ४८ चौरस मीटर निवासी: ४,८४,८०० रुपये. दुकानाचे १२ चौरस मीटर सव्वापट: १,५१,५०० रुपये. एकूण ६,३६,३०० रुपये, आणि कर ४७७ रुपये २३ पैसे.

आता हेच घर घाईत कसं नोंदलं जातं ते बघा. टेप भिंतीला न लावता पत्र्याच्या कडेखाली, पागोळीपासून पागोळीपर्यंत धरली जाते. पत्रा चारी बाजूंनी दोन फूट बाहेर आलेला असतो. १० मीटरचे ११.२ आणि ६ चे ७.२ होतात, आणि ६० चौरस मीटरचं घर ८०.६४ चौरस मीटरचं होतं. एक तृतीयांशहून जास्त वाढ, आणि तीही भिंत एक इंचही न हलता. मग दिवाळीत दिलेला रंग आणि नवी फरशी बघून वयाच्या रकान्यात ‘नवीन’ लिहिलं जातं, घसारा गेला. दारावर दुकानाची पाटी दिसते म्हणून सगळं घर वाणिज्यिक. हिशोब करा: ८०.६४ × १२,५०० × १.२५ म्हणजे १२,६०,००० रुपये आणि कर ९४५ रुपये. ४७७ चे ९४५. यात कुणी पैसे खाल्ले असं नाही, कुणाचं वैरही नाही. तीन छोट्या चुका एकमेकींनी गुणल्या गेल्या, एवढंच. म्हणूनच ‘बिल दुप्पट’ ही तक्रार नेहमी चुका शोधून मांडावी लागते.

चौथी चूक बांधकामाच्या प्रकाराची, आणि ती सर्वांत महाग पडते, कारण तिच्यामुळे बांधकामाचा दर आणि कराचा दर दोन्ही बदलतात. नियमात ढोबळमानाने झोपडी वा मातीचं घर, दगड-विटांचं मातीत बांधलेलं, दगड-विटांचं चुन्यात वा सिमेंटात बांधलेलं, आणि आरसीसी असे प्रकार आहेत. आरसीसी म्हणजे कॉलम-बीमच्या सांगाड्यावर उभी इमारत. विटांच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा केला, वर पत्रा टाकला, तर ते आरसीसी होत नाही. जुन्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट फासलं असेल तर ते घर सिमेंटातलं बांधकामही होत नाही. अशा घराचा एका कोपऱ्यातला गिलावा निघालेला असतो; तिथे आतली माती दिसते. त्याचा जवळून फोटो हा सर्वांत सोपा पुरावा.

बारीक चुका आणखी असतात. उघडा ओटा आणि अंगण बांधकामात धरतात. एल आकाराच्या घराची सगळ्यात मोठी लांबी आणि सगळ्यात मोठी रुंदी गुणतात, मग मधला रिकामा चौकोनही घरात येतो. अशा घराचे दोन आयत पाडून वेगवेगळे मोजायचे. चौरस फूट आणि चौरस मीटर यांची गल्लत होते: ६०० चौरस फूट म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. रकान्यात ६०० आणि एकक मीटर पडलं तर बिल दहापटीहून वर जातं. ती चूक निदान लगेच दिसते. गावठाणात आणखी एक घोळ होतो. स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीनंतर मिळालेल्या मालमत्ता पत्रकावरचं क्षेत्र हे जागेचं क्षेत्र असतं, बांधकामाचं नसतं. संगणकावर भरणारा माणूस तोच आकडा बांधीव क्षेत्राच्या रकान्यात उचलतो. तुमचं घर गटात असल्याने तुम्हाला हा प्रश्न येणार नाही, पण गावातल्या भावकीला सांगून ठेवा.

कामाला सुरुवात नमुना ८ च्या उताऱ्यापासून करा. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. नमुना ९ म्हणजे मागणी नोंदवही. तुमच्या हातात आलेलं बिल ९क. बिलावर फक्त रक्कम असते, चूक नमुना ८ मध्ये असते. या उताऱ्याची सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येते. २० रुपये भरून पाच दिवसांत तो मिळायला हवा. आताचा उतारा मागा आणि आधीच्या आकारणीचाही मागा. दोन्ही शेजारी ठेवले की कोणता रकाना उडी मारून गेला ते डोळ्यांना दिसतं. जुना उतारा मिळायला टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि त्यात तीन गोष्टी मागा: जुन्या-नव्या नमुना ८ ची नक्कल, तुमच्या घराचं मोजणी पत्रक, आणि कराचे दर ठरवल्याचा ग्रामपंचायतीचा ठराव.

मग स्वतः मोजा. दोघं जण, ३० मीटरची टेप, जमिनीला समांतर ताणलेली. झोळ पडला की आकडा वाढतो. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दुकानाची खोली वेगळी. गोठा वेगळा, त्याचा प्रकारही वेगळा, कारण चार खांबांवर पत्रा टाकलेला गोठा आणि विटांचं घर एका दराने आकारता येत नाही. साध्या कागदावर आराखडा काढा, प्रत्येक बाजूवर माप लिहा, खाली गुणाकार दाखवा. आर्किटेक्टकडे जायची गरज नाही.

वयाचा पुरावा लोकांना अवघड वाटतो, पण तो घरातच असतो. वीज बिलावर पुरवठा दिनांक छापलेला असतो. वीज जोडली त्या दिवशी घर उभं होतं, यापेक्षा साधा पुरावा नाही. आधीच्या आकारणीचा नमुना ८, घरकुल मंजुरीचा आदेश, बांधकामाच्या कर्जाची कागदपत्रं हीही चालतात. पक्क्या बांधकामाला १० ते २० वर्षांत मूल्य ८० टक्के, २० ते ३० वर्षांत ७०, ३० ते ४० वर्षांत ६० आणि ४० ते ५० वर्षांत ५० टक्के धरलं जातं. अर्धपक्क्या आणि कच्च्या घराचा घसारा याहून जास्त असतो. त्यामुळे वीस वर्षांची सीमा नुकतीच ओलांडलेल्या घराने वयाचा कागद जोडल्याशिवाय अर्जच देऊ नये.

अर्ज एका पानाचा असावा. वर मालमत्ता क्रमांक आणि गट क्रमांक. मग सरळ वाक्यं: ‘नमुना ८ मध्ये क्षेत्रफळ ८०.६४ चौ. मी. नोंदले आहे. भिंतीच्या बाहेरील मापाने ते ६० चौ. मी. आहे, आराखडा सोबत जोडला आहे. बांधकाम १५ वर्षांचे असून घसारा दिलेला नाही. वीज बिल सोबत जोडले आहे. वाणिज्यिक वापर केवळ १२ चौ. मी. च्या खोलीत आहे. उर्वरित निवासी आहे. कृपया माझ्या उपस्थितीत फेरमोजणी करून नोंद दुरुस्त करावी.’ महागाई, पावसाने गेलेलं पीक, शेजाऱ्याला कमी का, हे सगळं खरं असलं तरी यात लिहू नका. शेजाऱ्याचं बिल दाखवलं तर बऱ्याचदा शेजाऱ्याचं वाढतं. अर्ज ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत नोंदवा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. आकारणी यादीवर हरकती मागवल्याच्या नोटिशीत मुदत दिलेली असते. ती नोटीस ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, घरी येईलच असं नाही. शेतात राहणारे लोक तिथेच चुकतात. मुदत संपली असली तरी अर्ज द्या, कारण पुढच्या अपिलाला त्याचा आधार लागतो.

ग्रामपंचायतीने ऐकलं नाही तर कलम १२४ खालीच पंचायत समितीकडे अपील आहे, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. पंचायत समितीत कागद गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दाखल करायचा. अपिलाचा निकाल आणि त्यानुसार झालेला फेरबदल लिहायला नमुना ८ मध्ये स्वतंत्र रकाना असतो. निकाल लागल्यावर तो रकाना भरून घ्या.

या काळात कर थकवू नका. वाद असला तरी मागणी चालू राहते, वसुलीची नोटीस निघते आणि शेवटी जंगम मालाच्या जप्तीपर्यंत जाता येतं. शिवाय रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा माणूस कलम १४ खाली ग्रामपंचायत सदस्य व्हायला अपात्र ठरतो. घरातलं कुणी पुढच्या निवडणुकीत उभं राहणार असेल तर शे-दोनशे रुपयांसाठी अर्ज बाद करून घेऊ नका. अर्जात ‘हरकतीच्या अधीन राहून रक्कम भरत आहे, निकालानंतर जादा रक्कम पुढील मागणीत वळती करावी’ एवढं लिहा आणि नमुना १० ची पावती जपून ठेवा.

दोन गोष्टींबाबत मात्र सावध करणं भाग आहे. पहिली: क्षेत्र खरं असेल त्यापेक्षा कमी दाखवायचा मोह टाळा. ‘साहेबांना सांगून चाळीस मीटर लावून घेऊ’ असं सुचवणारे भेटतात. पण पुरात वा वादळात घर पडलं आणि पंचनामा झाला, रस्त्याला जमीन गेली, बँकेचं कर्ज काढायचं झालं, की समोरचा पहिल्यांदा नमुना ८ मागतो, आणि चाळीस मीटरच्या नोंदीवर साठ मीटरच्या घराची भरपाई मागताना दमछाक होते. वर्षाला दीडशे रुपये वाचवण्यासाठी एवढा धोका पत्करणं शहाणपणाचं नाही. दुसरी: नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही, कर कुणाकडून घ्यायचा याची ती नोंद आहे. त्यामुळे मोजणीच्या गडबडीत नाव बदलून घेण्याचा, भावाचं कमी करून आपलं लावण्याचा अर्ज यात मिसळू नका. तशी नोंद वारसाची किंवा खरेदीची कागदपत्रं देऊन, स्वतंत्र अर्जाने आणि ग्रामपंचायतीच्या ठरावाने होते. एकत्र अर्ज दिला तर भाऊबंदकीची हरकत येते आणि मोजणीची दुरुस्तीही तिच्यासोबत अडकते. तुमच्या उताऱ्यावर मालक म्हणून वडिलांचं नाव आणि भोगवटादार म्हणून तुमचं असेल, तर आकारणीचा अर्ज भोगवटादार म्हणून तुम्ही देऊ शकता. वडिलांचं संमतीपत्र जोडलं की कुणी अडवत नाही.

फेरमोजणीच्या दिवशी घरी थांबा, आईलाही थांबायला सांगा. टेपचं एक टोक तुमच्या हातात घ्या आणि ते भिंतीला टेकवा. आलेली मापं पत्रकावर त्याच वेळी शाईने लिहायला लावा, कच्च्या वहीत नको. दुरुस्ती मंजूर झाली की एक महिन्याने नमुना ८ चा ताजा उतारा काढा आणि पुढच्या वर्षीचं ९क बिल त्याच्याशी ताडून बघा. नमुना ८ दुरुस्त होतो, पण संगणकातली नमुना ९ ची मागणी जुन्याच आकड्याने चालू राहते आणि तफावत ‘मागील थकबाकी’ म्हणून पुढच्या बिलात दिसते, हे फार ठिकाणी घडतं. तशी थकबाकी दिसली तर दुरुस्तीच्या आदेशाची प्रत आणि नमुना १० च्या पावत्या घेऊन संगणक परिचालकाकडे न जाता थेट ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जा, कारण मागणीतली रक्कम कमी करायला त्याचीच सही लागते.